वर्णपटासोबत मोजणीच्या अटीही छापाव्यात

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील रंगद्रव्ये कोणती, या प्रश्नाचे उत्तर वर्णपटविज्ञानाने बऱ्याच अंशी दिले आहे. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, हिरव्यासाठी सेलाडोनाइटयुक्त हिरवी माती, काळ्यासाठी काजळी आणि निळ्यासाठी दूरदेशीहून आलेला लाजवर्द, ही यादी आता सर्वपरिचित आहे. मात्र ती ज्या मोजणीवर उभी आहे, ती दुसऱ्या प्रयोगशाळेला पडताळून पाहता यावी, याकडे क्षेत्रात पुरेसे लक्ष दिले जात नाही.

रामन वर्णपटमापनात एकाच तरंगलांबीचा लेझर प्रकाश रंगकणावर पाडतात. विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग स्फटिकातील अणूंच्या कंपनांइतका वारंवारतेत सरकून परततो, आणि हे सरकणे तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या तरंगांच्या संख्येत, मोजले जाते. गेरूतील हेमाटाइटची शिखरे २२५, २९२ आणि ४१० च्या आसपास येतात, तर पिवळ्या मातीतील गोएथाइटचे ठळक शिखर ३८५ च्या जवळ असते. परंतु लेझरची तीव्रता जास्त ठेवली, तर गोएथाइट तापते, त्यातील पाणी निघून जाते आणि त्याचे हेमाटाइट होते. अशा वेळी मूळचा पिवळा रंग नोंदीत तांबडा ठरतो, आणि मोजणी थेट चित्रावर झाली असेल तर तेवढा ठिपका कायमचा बदलतो. लेझरची शक्ती न सांगता छापलेल्या वर्णपटावरून हा दोष ओळखता येत नाही.

दुसरी अडचण १९२० च्या दशकातील दुरुस्तीची आहे. निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी वापरलेले चपड्याचे रोगण काळाच्या ओघात पिवळे पडले असून, लेझरखाली ते स्वतःच प्रकाशू लागते आणि रंगद्रव्याची क्षीण शिखरे त्या झगमगाटात बुडतात. ७८५ नॅनोमीटरचा लेझर वापरल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. चित्राला धक्का न लावता केलेले परावर्तनमापनही उपयोगी पडते, कारण हेमाटाइटचे शोषण साधारण ८६० आणि गोएथाइटचे ९२० नॅनोमीटरच्या आसपास दिसते.

हीच शिस्त गिलाव्यालाही लागू आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, ते सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपटमापन यांची सांगड घालून. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागातील अठराव्या शतकातील मशिदीसारख्या वास्तूंची डागडुजी करण्यापूर्वी गिलाव्याचा सुटलेला कण अवरक्त प्रकाशात तपासला, तर ८७५ आणि ७१२ या तरंगसंख्यांवरून चुन्यातील कॅल्साइट ओळखता येते आणि नव्या गिलाव्याचे मिश्रण अंदाजाने ठरवावे लागत नाही.

म्हणून प्रत्येक वर्णपटासोबत लेझरची तरंगलांबी, नमुन्यावर पडलेली शक्ती, मोजणीचा कालावधी आणि तुलनेसाठी घेतलेल्या खनिजाचे मूळ ठिकाण छापणे बंधनकारक व्हावे. दख्खनच्या बेसाल्टमधील हिरव्या मातीची तुलना दख्खनच्याच नमुन्यांशी व्हावी, यासाठी मराठवाड्यातील प्रयोगशाळांनी स्थानिक खनिजांचा सामाईक संदर्भसंच उभारावा, आणि मूळ नोंदी सर्व अभ्यासकांना खुल्या ठेवाव्यात.