नळीआधी दस्ता

५० मीटर नेमबाजीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेताना आधी दस्ता पाहावा. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या बालेवाडीच्या रेंजवर घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकले, ते गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरत. त्यामुळे गालपट्टी आणि खांद्याचा टेकू प्रत्येक पवित्र्यानुसार सरकवता आले पाहिजेत. वजनाची मर्यादा ८ किलो. दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्राचा नेमदर्शक चालतो, आणि दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे! उरतात ५.६ मिलिमीटरची काडतुसे. एकाच कंपनीच्या दोन घाण्यांतही फरक पडतो, म्हणून रायफल शिकंज्यात आवळून चाचणी घेतात. ज्याच्या गोळ्या सर्वांत दाटीने बसतात, त्या घाण्याचाच साठा करतात.