विज्ञानकथेतील माणूस : दुबळेपणा आणि चिवटपणा

विज्ञानकथेत मानवी सामर्थ्याचे प्रतीक कोणते, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण यान, यंत्रमानव किंवा एखादे अमोघ शस्त्र असे उत्तर देतील. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. चांगल्या विज्ञानकथेत माणूस तगतो तो वेळीच लक्ष दिल्यामुळे आणि कोलमडतो तो दुर्लक्षामुळे.

डॉ. जयंत नारळीकर यांची ‘हिमप्रलय’ ही कथा पाहा. दमट, उष्ण मुंबईत बर्फ पडू लागते. वरवर पाहता बर्फ हे निसर्गाच्या कोपाचे प्रतीक वाटते. परंतु कथेतील शास्त्रज्ञाने हिमयुगाचा इशारा आधीच दिलेला असतो आणि तो कोणी मनावर घेतलेला नसतो. त्यामुळे ते बर्फ मानवी बेफिकिरीचेही प्रतीक ठरते.

मग चिवटपणाचे प्रतीक कोठे शोधावे? जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आणि परिसरात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही. तो तारांच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून आरपार जातो, म्हणून रचना हलकी ठेवता आली. रेडिओ लहरींची लांबी मात्र जाळीच्या छिद्रांपेक्षा पुष्कळ मोठी असल्याने त्या परावर्तित होतात. वाऱ्याला वाट देणारी आणि अतिक्षीण संदेश टिपणारी ही जाळी मला पोलादी चिलखतापेक्षा अधिक अर्थपूर्ण प्रतीक वाटते.

मात्र प्रतीकांचा विचार करताना एक मर्यादा पाळावी. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. माळीणला आपण प्रतीक म्हणू नये. तेथे नावागावाची माणसे राहत होती. कथेतले हिमयुग मागे हटते, दरडीखाली गेलेली माणसे परतत नाहीत. म्हणूनच कथेतील इशारा केवळ कल्पनारंजन समजून सोडून देता येत नाही.

यापुढे विज्ञानकथा वाचताना ‘कोणते यंत्र जिंकले?’ याऐवजी ‘कोणाचे म्हणणे ऐकले गेले नाही?’ असे विचारून पाहा. कथेतील प्रतीकांचा अर्थ तेथून उलगडू लागेल.