पिल्लूच हवं?

कुत्रा पाळायचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "पण पिल्लूच हवं हं!" कारणही ठरलेलं. लहानपणापासून आपल्याकडे वाढलं की लळा लागतो. मोठं कुत्रं म्हणजे आधीच दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं. हापिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच ऐकलंय. माझं मत नेमकं उलट आहे. दिवसभर कामात बुडालेल्या आणि रात्री आठला क्लायंटचा कॉल घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी पिल्लू आणूच नये. आणायचंच असेल तर कुणीतरी सोडून दिलेलं, चार-पाच वर्षांचं मोठं कुत्रं आणावं. दया म्हणून नव्हे, सोयीचं म्हणून.

"सोयीचं" हा शब्द प्राणिप्रेमी मंडळींना खटकेल. खटकू दे. दयेपोटी आणलेली कुत्री परत जाताना मी पाहिली आहेत. रोजच्या आयुष्यात नीट बसलेली सहसा जात नाहीत.

दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे काय, ते आधी बघू. त्याला दर दोन-तीन तासांनी शू लागते, रात्रीसुद्धा. लसींचा कोर्स साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत चालतो, तोवर पार्वो आणि डिस्टेंपरची टांगती तलवार असते. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात आणि मग चपला, सोफा, लॅपटॉपचा चार्जर असं सगळं चावून बघितलं जातं. हे संपतंय असं वाटतं तोच सहा महिने ते दीड वर्ष हा वयात येण्याचा काळ सुरू होतो. मांडीवर मावणारं लॅब्रेडॉरचं पिल्लू वर्षभरात तीस किलोचं होतं आणि पट्ट्याला धरून तुम्हाला फरफटत नेतं. "फार मस्तीखोर झालाय हो, आम्हाला आता झेपत नाही" असे फोन येतात ते याच वयाच्या कुत्र्यांसाठी. म्हणजे जे पिल्लू सगळ्यांना हवं असतं, तेच थोड्या दिवसांनी कुणालाच नको असलेलं मोठं कुत्रं होतं.

शेल्टरमधली मोठी कुत्री येतात ती अशी. कुणाची बदली झाली, कुणाला ऑनसाईट मिळालं, कुणाच्या घरी बाळ येणार आहे, कुणाचा घरमालक बदलला. काही फॅशनचे बळी. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पग झळकला आणि जो तो पग मागू लागला. त्या चपट्या नाकाने धाप लागते हे मागाहून कळलं. पुढे हस्की आले, बर्फात गाड्या ओढणाऱ्या जातीचे, पुण्याच्या एप्रिलमध्ये. आणि उरलेली आपली देशी कुत्री: गाडीखाली येऊन पाय गमावलेली, किंवा कुणीतरी पाळून मग रस्त्यावर सोडलेली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राणी विनाकारण सोडून देणं हा गुन्हा ठरवला खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज दोन माणसांचा वडापाव-चहासुद्धा धड होत नाही.

एरवी रस्त्यावरच्या धडधाकट कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच जागी परत सोडायचं, असं २०२३ चे नियम सांगतात. पण ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. हा आदेश बरोबर की चूक, यावर लोक हिरिरीने भांडले. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. निवारा ही काही कुत्र्याने आयुष्य काढायची जागा नाही, आणि तिथे जाणारी बहुतेक कुत्री पिल्लं नसणार. मोठ्या कुत्र्याला घर मिळणं हा त्यामुळे मूठभर हौशी लोकांचा विषय राहिलेला नाही.

आता "लळा लागत नाही" या मुद्द्याकडे येऊ. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा पिल्लाने जगाची ओळख करून घेण्याचा नाजूक काळ, हे त्यातून पुढे आलं. त्या काळात ज्याने माणूस पाहिलाच नाही, ते कुत्रं पुढेही बिचकणारं राहू शकतं. हे खरंच आहे, आणि म्हणूनच कुत्रं घेण्याआधी भेटून बघायचं. पण याचा अर्थ कुत्र्याचा लळा एकाच माणसापुरता असतो असा होत नाही. माणसांत वाढलेलं कुत्रं पाचव्या वर्षीही नव्या माणसाला जीव लावतं. शिवाय मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत सगळं आधी कळतं. उंची, वजन, अंगातली मस्ती, मुलांशी कसं वागतं, मांजर दिसली की काय करतं, एकटं किती वेळ राहतं. पिल्लू म्हणजे बीटा व्हर्जन. मोठं कुत्रं निदान टेस्ट करून मिळतं.

आता जरा शेल्टरवाल्या, रेस्क्यूवाल्या मंडळींशी बोलतो. "मुक्या जिवाला प्रेमळ घर हवे" ही जाहिरात बंद करा. तिच्यावर बदाम पडतात, घर मिळत नाही. घर मिळतं ते माहितीने.

गेला दीड महिना आमच्याकडे मोती नावाचा पाहुणा आहे. शेजारच्या विंगमधले भाडेकरू सामान घेऊन गेले आणि हा पार्किंगच्या खांबाला बांधलेला राहिला. आमची अकरा वर्षांची कुत्री त्याला घरात खपवून घेत नाही, म्हणून त्याच्यासाठी घर शोधतोय. त्याची माहिती मी अशी लिहिली: वय अंदाजे पाच, वजन बावीस किलो, नसबंदी झालेली, रेबीजची लस दिलेली. घरात घाण करत नाही. चार तास एकटा शांत राहतो, त्यानंतर भुंकतो. मांजरीमागे धावतो. हेल्मेट घातलेल्या माणसाला घाबरतो. जेवताना कुणी जवळ आलं तर गुरगुरतो. एकदा ओळख झाली की पायावर डोकं ठेवून झोपतो.

पहिला फोन ऑफिसमधल्या एका सीनियरचा. भला माणूस, स्वतःचं घर, बायकोलाही कुत्र्यांची आवड. पण घरात दोन वर्षांचा मुलगा. मी नाही म्हटलं. "अरे, सवय होईल त्याला, मुलं आणि कुत्री एकत्रच वाढतात," तो म्हणाला. वाढत असतीलही. पण रांगत-धावत ताटलीपाशी जाणारं पोर आणि ताटलीवर गुरगुरणारा मोती यांच्यामध्ये मी "सवय होईल" एवढ्यावर विसंबणार नाही. उद्या काही झालं तर पोराला टाके पडतील आणि मोतीचा कुठलाच दरवाजा उघडा राहणार नाही. तो अजून माझ्याशी तुटक बोलतो. इलाज नाही.

आणि नेमकं याच्या उलट टोकाला, काही संस्था "बॅचलरना देत नाही, भाड्याने राहणाऱ्यांना देत नाही" असं सांगून मोकळ्या होतात. आधी घरमालकाकडून हे ऐकायचं, मग कुत्र्याकडूनही? लग्न झालंय का, याने काय ठरतं? खरे प्रश्न वेगळे आहेत. दुपारी कोण असतं? आठवड्यातून किती दिवस घरून काम? बदली झाली तर कुत्रं कुठे जाईल? भाडेकरारात प्राण्यांबद्दल काय लिहिलंय? आजारपणाचा खर्च कोण करणार? याची उत्तरं असलेला एकटा मुलगा, "बघू पुढचं पुढे" म्हणणाऱ्या चौकोनी कुटुंबापेक्षा कधीही चांगला. सोसायटीची चिंता असेल तर सांगतो: सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. मात्र बारा तास रिकामं राहणारं घर कुठल्याच कुत्र्याला देऊ नये, मग ते बॅचलरचं असो की बंगलेवाल्याचं.

घेणाऱ्यांसाठी एक ठोकताळा: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस कुत्रं भेदरलेलं असतं, धड खात नाही, कोपरा सोडत नाही. तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं. घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. म्हणून लाँग वीकेंडच्या सुरुवातीला आणा, मित्रांना बघायला बोलावू नका, पट्टा हातात घट्ट धरा, कारण नवं कुत्रं पळतं ते पहिल्या काही दिवसांतच. आणि पहिल्या दिवसापासून पाच-पाच मिनिटं एकटं ठेवायची सवय लावा. सोमवारी एकदम आठ तास नको. संस्थेशी दोन आठवड्यांची ट्रायल आधीच ठरवून घ्या. नाहीच जमलं तर सांगून, व्यवस्थित परत देणं यात लाज नाही. लाज खांबाला बांधून जाण्यात आहे.

मोतीला घर मिळेल. कदाचित वेळ लागेल, कारण मी त्याचं गुरगुरणं लपवत नाही. पण जो घेईल तो सगळं माहीत असताना घेईल, आणि प्रेमळ घर म्हणजे माझ्या मते एवढंच. तेव्हा या विकांताला मॉलऐवजी एखाद्या शेल्टरमध्ये चक्कर मारा. पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी गर्दी असेलच. तिथल्या ताईंना विचारा, "इथे सगळ्यात जास्त दिवस कोण आहे?" आणि त्याला घेऊन अर्धा तास फिरून या. बाकी काही ठरवायची घाई नाही.