शंकरपाळ्यांतली दालचिनी

सुरतेत राहून घरी तळण काढणाऱ्या माणसाकडे अस्सल सुरतकर दयेनेच पाहतो. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण ज्या शहराच्या नावावर जमा आहे, जेथे गल्लीगल्लीतून फरसाणाचे दुकान आहे आणि चंदनी पडव्याच्या दिवशी घारीसाठी माणसे रांगा लावून उभी राहतात, तेथे कढईसमोर दोन-दोन तास घाम गाळण्याचे प्रयोजन काय, असा त्याचा रोकडा सवाल असतो. व्यवहाराच्या दृष्टीने सवाल चुकीचा नाही. आमच्या घरातही तो दर आश्विनात विचारला जातो, आणि दर आश्विनात कढई चुलीवर चढतेच. यंदा मात्र वाद निराळ्याच मुद्द्यावर उपस्थित झाला. शंकरपाळ्यांत दालचिनी घालावी की घालू नये, हा तो मुद्दा होय.

वादाच्या एका बाजूस आमची कन्या. वय वीस, शिक्षण गुजराती माध्यमातून, मित्रमैत्रिणी साऱ्या गुजराती. तिने कोठल्याशा मोठ्या दुकानसंकुलात 'चुरोस' नावाचा पदार्थ खाल्ला. मूळ स्पेनचा, तेथून मेक्सिकोत गेलेला. उकळत्या पाण्यात मैद्याची उकड काढायची, आमच्या चकलीच्या सोऱ्यासारख्या साच्यातून तिच्या कंगोरेदार कांड्या थेट तेलात सोडायच्या, आणि गरम असतानाच साखर व दालचिनीच्या पुडीत लोळवायच्या. दुसऱ्या बाजूस आमच्या मातोश्री. वय ऐंशीच्या पुढे, माहेर राजापूर तालुक्यातले, सुरतेत येऊन साठ वर्षे होत आली तरी 'खुसखुशीत' या शब्दाऐवजी दुसरा शब्द तोंडी येऊ न देणाऱ्या.

"आजी, यात नेहमी वेलचीच का ग? या खेपेला तज घालूया ना," कन्या म्हणाली.

"तज मसालेभातात," मातोश्री म्हणाल्या. "गोडात नाही. आणि तज नव्हे, दालचिनी म्हण."

सौ. कणीक मळत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले. म्हणजे निवाडा आम्ही करावा. शाळेत रोज निवाडे करणाऱ्या माणसावर घरीही ही पाळी यावी, हा काही न्याय नव्हे. असो.

पहिली गोष्ट शब्दांची, कारण मातोश्रींनी आक्षेप घेतला तो शब्दालाही होता. येथील गांधियाणाच्या दुकानात दालचिनी मागितली तर दुकानदार समजतो, परंतु पुडीवर नाव घालतो ते 'तज'. हा शब्द संस्कृतातील 'त्वच्' म्हणजे साल यापासून आलेला आहे. आमच्या 'दालचिनी'चे मूळ मात्र फारसी 'दारचिनी', म्हणजे चीन देशाचे लाकूड. तेव्हा नातीचा शब्द संस्कृताकडचा आणि आजीचा शब्द परदेशी, असा उलटा प्रकार आहे. आणि 'शंकरपाळे'? कैलासपतीचा या पदार्थाशी काडीचाही संबंध नाही. फारसीत 'शकर' म्हणजे साखर, 'पारा' म्हणजे तुकडा. आमच्या गुजराती शेजारणी अजून 'शक्करपारा' म्हणतात, ते मुळाला अधिक धरून आहे. मराठीने त्या साखरेच्या तुकड्याला देवघरात नेऊन बसविले, इतकेच.

दुसरी गोष्ट या शहराची. 1613 मध्ये जहांगीराच्या फर्मानाने इंग्रजांची वखार सुरतेत पक्की झाली. पाठोपाठ डच आले. (1664 मध्ये महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा या दोन्ही वखारी आपापली दारे लावून बसल्या होत्या. त्या स्वारीवरून शेजारी आमची अजून थट्टा करतात. आम्हीही ती मुकाट्याने ऐकून घेत नाही.) 1658 पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना सिंहलद्वीपातून पुरते हुसकून लावले आणि तेथली दालचिनी आपल्या मुठीत घेतली; ती मूठ 1796 मध्ये इंग्रजांनी सोडविली. कतारगाम दरवाज्याजवळच्या डच कबरस्तानात हेंड्रिक व्हान रेडे या अधिकाऱ्याची घुमटाची भव्य कबर आहे. 1691 मध्ये सुरतेकडे येताना तो समुद्रातच वारला. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ त्याने तयार करविला; 1678 पासून 1693 पर्यंत तो ॲमस्टरडॅमला छापला गेला, आणि दालचिनीच्या झाडाचे चित्र व वर्णन त्यात आहे. ज्या वैद्यांनी त्याला माहिती पुरविली त्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते. त्यांचे नागरी अक्षरांतले निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन ते कबरस्तान पाहून यावे, अशी आमची वाचकांना शिफारस आहे.

तात्पर्य, दालचिनी सुरतेला परकी नाही. कोकणालाही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात काढलेली असून नारळी-पोफळीच्या बागांत तिची लागवड होते. हे आम्ही मातोश्रींना सांगितले. त्या म्हणाल्या, "लावोत की. आमच्या परसातही झाड होते. म्हणून आम्ही ती शंकरपाळ्यांत घातली नाही."

या उत्तरापुढे एम. ए. ची पदवी काय कामाची!

शेवटी दोन्ही प्रकार करून पाहायचे ठरले. कन्येच्या प्रकारात पिठात साखर जवळजवळ नाही. सारा गोडवा वरच्या लेपात. एक वाटी पिठीसाखरेला दीड चमचा दालचिनीची पूड. तळून काढल्यावर मिनिटभर थांबायचे, कारण शंकरपाळे फारच कढत असेल तर साखर विरघळून त्याचा चिकट पाक होतो, आणि गार झाले तर ती चिकटतच नाही. मधली वेळ साधावी लागते; कन्येने ती दुसऱ्या घाण्याला साधली. चव खरोखर उत्तम झाली. मातोश्रींनी दोन खाल्ली, तिसरे घेतले, आणि एवढेच विचारले, "डब्यात किती दिवस राहतील?"

आम्हांला वाटते, सगळा वाद या एका प्रश्नात होता. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आम्ही तेव्हा अडाजण भागात राहत होतो. तळमजला बुडाला, वीज गेली, गॅसच्या टाक्या खाली राहिल्या. वर पाऊस, खाली चिखलाचे पाणी, आणि गच्चीवर चार कुटुंबे. आमची कन्या तेव्हा दीड वर्षाची होती. पाणी जिन्यावर चढू लागले तेव्हा सौ. नी तिला उचलले, आम्ही कागदपत्रे उचलली, आणि मातोश्रींनी उचलला तो श्रावणासाठी करून ठेवलेल्या शंकरपाळ्यांचा पत्र्याचा डबा. त्या वेळी आम्ही मनातून चिडलोच होतो. हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटे पडू लागली खरी, पण ती ज्याच्या गच्चीवर पडतील त्याची. मधल्या काळात त्या डब्याने चार घरची मुले धरली. शेजारच्या इमारतीत एक वृद्ध जोडपे अडकले होते. त्यांच्याकडे पिशवी दोरीला बांधून पाठविली. ती दोघे जैन, कांदा-लसूणही न खाणारी. त्या गृहस्थांनी पलीकडून ओरडून विचारले, "बेन, आमां शुं छे?" मातोश्रींनी इकडून ओरडून एकेक जिन्नस सांगितला: मैदा, तूप, दूध, साखर, वेलची. आपल्या मोडक्या गुजरातीत. त्यावर त्यांनी हात जोडले आणि पिशवी आत घेतली.

म्हणून डब्यात किती दिवस राहतील, हा प्रश्न. शंकरपाळे टिकते त्याचे कारण साधे आहे. मंद आचेवर तळताना पिठातले पाणी जवळजवळ सगळे निघून जाते, आणि पाणी नाही तेथे बुरशीला थारा नाही. साखर पिठाच्या आत असली की ती तेथेच बंदिस्त राहते. वर लावलेली पिठीसाखर मात्र हवेतली ओल शोषून घेते. आणि सुरतेची हवा, पावसाळ्यात तर सोडाच, आश्विनातही कोरडी म्हणता येत नाही. कन्येची शंकरपाळी तिसऱ्या दिवशी हाताला चिकटू लागली, चौथ्या दिवशी मऊ पडली. ती आल्याबरोबर खाण्याची चीज आहे, चुरोसही तसाच खातात. मातोश्रींची महिनाभर कुरकुरीत राहतात.

येथे आम्ही निवाडा देणार होतो. परंतु तो मातोश्रींनीच दिला, आणि आम्हांला कधी सुचला नसता असा दिला. "पूड वर का लावता? सालच दुधात टाका," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे दूध, तूप आणि साखर एकत्र गरम करून मग त्यात मैदा मिसळण्याची रीत आहे. त्या मिश्रणातच दोन बोटे लांबीचा दालचिनीचा तुकडा टाकायचा, साखर विरघळेपर्यंत गरम करायचे, झाकून ठेवायचे, आणि गार झाल्यावर तुकडा काढून टाकायचा. दालचिनीचा सुगंध ज्या तेलात असतो ते तुपात चांगले उतरते. पूड नसल्यामुळे ती कढईत करपून कडवट होण्याची भीती नाही, आणि लेप नसल्यामुळे डब्यातले दिवसही कमी होत नाहीत. वेलची थोडी कमी करावी. दोघींचे एकमेकींशी फारसे पटत नाही.

दालचिनी घेताना मात्र पाहून घ्यावी. बाजारात बहुधा मिळते ती चीन, व्हिएतनामकडची जाड, टणक साल. तिला कॅसिया म्हणतात. तिचा वास उग्र आणि चव तिखट. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींच्या अनेक पदरांची असते, बोटांनी सहज मोडते, वास सौम्य आणि गोडसर. किंमत अधिक पडते. कॅसियात कूमारिन नावाचे द्रव्य असते, ते रोज पुष्कळ पोटात गेले तर यकृताला बाधते. दिवाळीच्या शंकरपाळ्यांना त्याची चिंता नको, पण गोडासाठी पातळ सालच बरी. मेक्सिकोचे लोकही सिंहली दालचिनीची मोठी गिऱ्हाइके आहेत, म्हणजे चुरोसवाल्यांनाही ही पारख आहे.

आता प्रमाण. दूध, साजूक तूप आणि साखर प्रत्येकी एक वाटी, चवीला चिमूटभर मीठ, आणि या मिश्रणात मावेल तेवढा मैदा; तो साडेचार ते पाच वाट्या लागतो. पीठ घट्ट भिजवावे, पण कणकेसारखे तिंबू नये. तूप पिठाच्या कणाकणाला वेढते म्हणूनच खुसखुशीतपणा येतो. फार मळले की पीठ चिवट होते आणि शंकरपाळे दाताला लागते. येथल्या बायका या तुपाला 'मोण' म्हणतात, आपण 'मोहन'. ते जास्त झाले तर शंकरपाळी तेलात विरतात. तसे झाल्यास उरलेल्या पिठात थोडा मैदा मिसळावा. पीठ अर्धा तास झाकून ठेवून पोळीपेक्षा बरेच जाड लाटावे आणि कातण्याने कापावे. तेल शेंगदाण्याचे असो वा येथल्या पद्धतीने कपाशियाचे, आच मंदच हवी. मोठ्या आचेवर वरून लाल दिसतात आणि आत कच्ची राहतात; ती आठ दिवसांत मऊ पडतात. एक तुकडा टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन सावकाश बुडबुड्यांसह वर आला तर तेल बरोबर आहे. झाऱ्याने सारखे हलवू नये. फिकट बदामी रंगावर काढावी, बाहेर आल्यावर रंग आणखी गडद होतो. पूर्ण गार झाल्याखेरीज डबा लावू नये. झाकणाला वाफ धरली की सारी मेहनत फुकट.

हे सर्व मातोश्री सांगत होत्या आणि कन्या लिहून घेत होती. आम्ही सहज वहीत डोकावलो. तिला बाळबोध लिपी येते, शाळेत हिंदी होतेच. पण भराभर लिहायचे म्हटले की हात गुजरातीकडे वळतो. पान गुजराती अक्षरांनी भरलेले होते, डोक्यावर रेघ नसलेल्या. वाचले तर शब्द सारे आजीचे: मोहन, लाटी, कातणे, झारा, घाणा, 'तिंबू नये'. 'तज' असे तिने एके ठिकाणी लिहिले होते, ते खोडून वर 'दालचिनी' केले होते. मातोश्रींना गुजराती वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तिला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले आणि दोन ठिकाणी दुरुस्ती केली: मीठ राहिले होते, आणि दुधाची वाटी काठोकाठ नको, बोटभर कमी.