जपलेला रूळ आणि चालती गाडी

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बघा, या लोकांनी कसं जपलंय! नाहीतर आपल्याकडे..." पुढचं बोलायची गरजच पडत नाही, सगळे माना डोलावतात. रेल्वेच्या बाबतीत तरी हे वाक्य अर्धंच खरं आहे. पटत नसेल तर पेनसिल्वेनियातल्या अल्टूनाला एकदा जाऊन या.

पिट्सबर्गच्या बालाजीला आपण सगळेच कधी ना कधी जातो. तिथून पूर्वेला दीड-दोन तासांवर अल्टूना आहे. हे गाव रेल्वे कंपनीने वसवलं. 1849 साली पेनसिल्वेनिया रेलरोडने ॲलेघेनी डोंगराच्या पायथ्याशी जागा घेतली, कारण समोरचा चढ चढायला इंजिनं लागणार होती आणि इंजिनांना कारखाना. त्याआधी हा डोंगर ओलांडायला उतरणींवर दोरखंड लावून डबे वर ओढले जात, आणि कालव्यातल्या नावासुद्धा. जे. एडगर थॉमसन या इंजिनियरने वेगळी युक्ती केली. रूळ सरळ चढवण्याऐवजी दरीला वळसा घालून घोड्याच्या नालेसारखा वळवला. वाट लांबली, पण चढ सौम्य झाला: शंभर फूट पुढे गेलं की दोन फुटांपेक्षा कमी वर. बहुतांश आयरिश स्थलांतरितांनी कुदळ-फावड्याने खणलेलं हे वळण, 'हॉर्सशू कर्व्ह', 1854 साली सुरू झालं. आजही त्यावरून गाड्या जातात.

जपलं आहे, हे नाकारत नाही. वळणाला 1966 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. गावात कंपनीच्या 1882 सालच्या इमारतीत संग्रहालय आहे, आणि त्याचा खरा विषय इंजिनं नसून कामगार आहेत, ही त्याची मोठी गोष्ट. पण याच कंपनीने 1963 साली न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन पाडायला घेतलं. तेव्हा 'या लोकांना जपायची उपजतच सवय' वगैरे आपण बोलू नये.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. वळणापाशी तासभर उभं राहिलात तर दोन मजली कंटेनरांच्या लांबलचक मालगाड्या दिसतील, मागून ढकलणाऱ्या इंजिनांसकट. प्रवासी गाडी दिसेलच असं नाही. कारण 2005 पासून अल्टूनाला प्रवासी गाडी एकच आहे: दिवसातून एकदा जाणारी आणि एकदा येणारी. पिट्सबर्गकडे ती संध्याकाळी जाते, परतीची दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे डॉक्टरकडे जायचं तरी रात्रीचा मुक्काम आला. ज्या गावाने साडेसहा हजारांहून अधिक वाफेची इंजिनं बांधली, त्याची ही अवस्था. 1930 साली तिथे सुमारे 82,000 लोक होते, 2020 साली सुमारे 44,000. डिझेल इंजिनं बाहेरून आली आणि त्यांना दुरुस्तीही कमी लागे. प्रवासी महामार्गांनी आणि विमानांनी नेले. 1968 साली कंपनीचं विलीनीकरण झालं आणि दोनच वर्षांत नव्या कंपनीचं दिवाळं निघालं.

"अमेरिका मोठी, वस्ती विरळ, इथे गाड्या परवडत नाहीत," असं आपले लोक समजावून सांगतात. पण हा मार्ग न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, हॅरिसबर्ग आणि पिट्सबर्ग जोडतो. इथे एकेकाळी दिवसाला कितीतरी प्रवासी गाड्या धावत. रूळ आहे, वळण आहे, शहरंही आहेत. गाडी काढून घेतली ती माणसांनी निर्णय घेऊन. भूगोलाचा त्यात दोष नाही.

याची किंमत कोण मोजतं, ते आपल्याच घरात पाहा. माझी आई पुण्याहून एकटी दादरला जाते, तिथे लोकल पकडून मावशीकडे पोचते. इथे आली की सहा महिने खिडकीत बसून विचारते, "शनिवारी नेशील का रे दुकानात?" तिचे गुडघे तेच, हिंमतही तीच. तिची गाडी मात्र इथे नाही. ज्या घरात आई-बाबा येऊन राहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या घाटाकडे वळू, कारण तिथे आपणही कमी पडतो. अल्टूनाचं वळण झालं त्यानंतर नऊ वर्षांनी, 1863 साली, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. पंचवीस बोगदे आणि चाळीस हजारांवर मजूर, त्यांतले हजारो कॉलऱ्यासारख्या रोगांनी आणि अपघातांनी गेले. इंजिनियर बर्कली पुस्तकांत आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आहे, त्याच्या मृत्यूनंतर काम पुरं करून घेणारी त्याची पत्नी ॲलिसही आहे. बोगदे खणणाऱ्यांपैकी एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का? कर्जतला मागे बँकर लागतात, आपण वडा खातो, गाडी घाट चढते. वारसा तिथे रोज धावतो, पण तो कुणाच्या जिवावर उभा राहिला हे कुणी विचारत नाही.

म्हणजे एकाकडे कामगारांची आठवण आहे आणि गाडी नाही. दुसऱ्याकडे गाडी आहे आणि आठवण नाही. यात एकाने दुसऱ्याला शिकवण्यासारखं खूप आहे, पण नाक वर करण्यासारखं कुणाकडेच काही नाही.

तेव्हा दोन गोष्टी करू. पेनसिल्वेनियात राज्य सरकारने या मार्गावर रोज दुसरी गाडी चालवण्यासाठी रूळमालक कंपनीशी करार केला आहे. इथे मत देणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून त्याचा पाठपुरावा करावा, आणि पाहुणे आले की एकदा तरी त्यांना या गाडीने न्यावं. रिकामी धावणारी गाडी बंद करायला कुणालाही निमित्त लागत नाही.

आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये, कुर्डुवाडीच्या कारखान्यात किंवा परळच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना या रविवारी फोन करून विचारावं: ते नक्की काय काम करत, पाळी कितीची असे, कोण जखमी झालं, संपात कोण होतं. ऐकाल ते नावानिशी लिहून ठेवा. सांगणारी माणसं अजून आहेत, तोवरच हे होईल.