बोर्ड स्वस्त आहे, पण आधी पावती छापून पाहा

विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. जुन्या कॉम्प्युटरवर जीएसटीची बिले काढणाऱ्या यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या व्यापारी बांधवांपुढे आता प्रश्न आहे: नवा कॉम्प्युटर घ्यावा, की तळहाताएवढ्या बोर्डावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालवावी? दुसरा मार्ग चांगला आहे, असे माझे मत आहे. मात्र 'सगळे चालते' एवढ्या बोलण्यावर सौदा करू नये. तागा उलगडल्याशिवाय आपण कापड घेत नाही.

२०१२ साली ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पायसारख्या बोर्डांत एआरएम जातीचा प्रोसेसर असतो; दुकानातल्या नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये इंटेल पद्धतीचा. लिनक्स खुली असल्याने दोन्हींसाठी तयार करता येते. पण प्रिंटरच्या कंपनीने मूळ मजकूर न देता नुसता तयार ड्रायव्हर दिला, तर तो ज्या प्रोसेसरसाठी बनवला त्यावरच चालतो. कॅननच्या एलबीपी २९०० चा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल पद्धतीसाठीच आहे. उलट ईएससी-पॉस संकेत समजणारा थर्मल प्रिंटर सहसा त्रास देत नाही. टॅली विंडोजसाठी आहे, हेही लक्षात ठेवावे.

त्याहून मोठी बाब तारखेची. २०२३ च्या पाय ५ पूर्वीच्या मुख्य बोर्डांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. ते इंटरनेटवरून वेळ घेतात. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसेल, तर तारीख मागे राहते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तारीखच चुकली तर मुदत कुठून मोजणार? तंटा उभा राहतो आणि दुकानाची साख जाते.

म्हणून विक्रेत्याला सांगावे: माझा प्रिंटर आणि बारकोड यंत्र जोडून पावती काढून दाखवा. मग इंटरनेट काढा, वीज बंद करून पुन्हा सुरू करा आणि तारीख दाखवा. एवढे झाल्यावरच पैसे द्यावेत.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांनीही हे हुनर शिकावे. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत मिळतात. तालुक्याच्या गावी जाणता कारागीर नसेल, तर बोर्डात वाचलेला पैसा नागपूरच्या फेऱ्यांत जाईल. तो असेल, तर दुकानदाराची बचत होईल आणि त्या तरुणाला हलाल रोजीही मिळेल.