आधी सोय, मग कुदळ

सांताक्रूझ विमानतळाची जुनी इमारत पाडून नवी उभारण्याची योजना जाहीर झालेली आहे. तीस आमचा विरोध नाही. प्रश्न क्रमाचा आहे. सहारची नवी इमारत २०१४ साली खुली झाली, ती जुनी वापरात ठेवून टप्प्याटप्प्याने बांधली गेली. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन धावपट्ट्या जेथे एकमेकींना छेदतात तेथील काम निघाले, तेव्हा मात्र आठवड्यातून तीन दिवस सहा-सहा तास दोन्ही बंद ठेवाव्या लागल्या. तेथे इलाजच नव्हता. इमारतीच्या बाबतीत तो आहे. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, एवढ्यावरून बोरिवलीच्या प्रवाशाची सोय झाली असे कागदावर हिशेब मांडणाऱ्यासच वाटेल! पर्यायी जागा आणि तेथवरची वाहतूक सिद्ध झाल्यावाचून सांताक्रूझची एकही भिंत पाडू देता कामा नये.